अकरावी मागणी

३० जानेवारी १९३० च्या 'यंग इंडिया'च्या अंकात गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे अकरा मागण्या ठेवल्या. शाळेत आपण त्यातली एकच नीट शिकतो, मिठावरचा कर रद्द करा ही, कारण तिच्यातून दांडी यात्रा निघाली. बाकीच्या गाइडमध्ये असतात: दारूबंदी करा, शेतसारा निम्मा करा, लष्कराचा खर्च निम्म्यावर आणा, परदेशी कापडावर जकात बसवा, राजकीय कैदी सोडा. यादीच्या अगदी शेवटी, अकराव्या क्रमांकावर, एक मागणी आहे जी माझ्या माहितीतल्या कुणालाच पाठ नव्हती. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, आणि ते देण्यावर लोकांचं नियंत्रण असू द्या.

मी सेवाग्रामचा. बापूकुटीला शाळेच्या किती सहली गेल्या, त्याचा हिशोब नाही. इंजिनिअरिंगही इथूनच केलं. तरीही ही मागणी मी पहिल्यांदा वाचली ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि तीही गांधींबद्दल वाचताना नाही. आमचे आजोबा, म्हणजे आबाजी, वारले होते. त्यांच्या नावावर एक ठासणीची बंदूक होती आणि तिचं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. 'तू कम्प्युटरवाला आहेस, तू बघ,' म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कायद्याची कलमं वाचता वाचता मी मागे मागे गेलो. १९५९, १९४८, १९३०, १८७८. आमच्या घरातल्या सुटत नसलेल्या एका गाठीचं टोक त्या अकराव्या मागणीतल्या दोन शब्दांत सापडेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

बंदूक कुणाची, हक्क कुणाचा

आधी कायद्याची गोष्ट, कारण इथेच बहुतेक घरांचा गोंधळ होतो.

माणूस गेला की त्याचं शेत, घर, बँकेतले पैसे, ट्रॅक्टर, हे सगळं वारसांकडे येतं. कागदपत्रं नंतर होतात, पण मालकी त्या क्षणीच सरकते. बंदुकीचंही तसंच असेल असं आपण धरून चालतो. अर्धं बरोबर आहे. लाकूड आणि लोखंड म्हणून बंदुकीची किंमत वारसांचीच. पण ती हातात धरण्याचा, घरात ठेवण्याचा हक्क परवान्यातून येतो आणि परवाना माणसाबरोबर संपतो. एखाद्याच्या लॉगिनसारखं आहे हे. माणूस गेला तर त्याचे फोटो तुमचे, पण त्याच्या नावाने लॉगिन करत राहणं तुमचं नाही.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातलं कलम २१ याबद्दल आहे. ज्याच्या ताब्यात शस्त्र आहे आणि तो ताबा कायदेशीर राहिलेला नाही, त्याने ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गमावलं असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतः परवाना मिळवून ते परत घेऊ शकतो, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकून पैसे घेऊ शकतो. मुदत उलटली तर जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतात.

२०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळा नियम आहे, २५ क्रमांकाचा. परवानाधारक वारल्यावर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. परवानाधारक जिवंत असतानाही, त्याने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या एखाद्या वारसाचं नाव सुचवू शकतो. दोन्ही वेळा वारसाला नव्या अर्जदाराच्याच चाळणीतून जावं लागतं. वय २१ पूर्ण हवं, पोलिसांचा अहवाल स्वच्छ हवा, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका राहू शकतात. आधी तीन चालायच्या. वडिलोपार्जित म्हणून त्यात सूट नाही. म्हणजे ज्याच्याकडे आधीच दोन आहेत, त्याला वडिलांची तिसरी ठेवता येत नाही.

इंग्लंडमध्येही परवाना माणसाबरोबर संपतो आणि मागे राहिलेल्यांना पोलिसांकडून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत साधी बंदूक मृत्युपत्राने मुलाला देता येते. मशिनगनसारख्या नोंदणीच्या शस्त्रांसाठी मात्र वारसाला केंद्र सरकारकडे एक फॉर्म भरावा लागतो, फक्त त्यावर कर लागत नाही. आपल्याकडे कर्नाटकातल्या कोडगूत कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. तिथे घरात मूल जन्मलं की आणि माणूस गेला की बंदुकीचा बार काढण्याची रीत आहे. तिथे बंदूक खऱ्या अर्थाने वारशाने जाते. पण ती अपवादाची जागा. बाकी देशात बंदूक हा वारसा नसून परवानगी आहे. ती परवानगी कुणी कुणाला द्यायची, या प्रश्नावर या देशात दीडशे वर्षं भांडण चाललेलं आहे.

लिटनचा कायदा

१८५७ च्या उठावातच इंग्रजांनी शस्त्रांवर पहिला कायदा आणला, १८६० मध्ये दुसरा. पण आज ज्याची सावली आपल्यावर आहे तो १८७८ चा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं हा गुन्हा ठरला. पण नियमांमध्ये सवलती होत्या, आणि त्या रंग बघून होत्या. युरोपीय माणसाला सूट, संस्थानिकाला सूट. शेतकऱ्याने मात्र कलेक्टरसमोर उभं राहायचं. हा अपमान शिकलेल्या वर्गाला फार टोचला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. काँग्रेस तेव्हा दोन वर्षांची होती. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले आणि वंशावरची उघड सूट गेली. परवाना देणारा हात मात्र तोच राहिला.

त्या कायद्याचं कलम १६ मी वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. परवाना रद्द झाला किंवा संपला तर शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा. आमच्या कलम २१ चा हा आजोबा. देश बदलला, राज्यघटना आली, पण बंदूक ज्या दारात नेऊन द्यायची ते दार बदललं नाही.

गांधीजी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फौजेत भरती व्हा म्हणून गावोगाव फिरत होते. त्या प्रचाराच्या पत्रकात त्यांनी लिहिलं होतं की ब्रिटिश राज्याच्या अनेक दुष्कृत्यांत अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात सगळ्यांत काळा ठरेल. अहिंसेचा माणूस असं का म्हणेल? मला कळलं ते असं: ज्याच्या हातात शस्त्र येऊच शकत नाही, त्याच्या शस्त्र न उचलण्याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. भीतीने हात खाली ठेवणं वेगळं आणि ठरवून खाली ठेवणं वेगळं.

म्हणून त्यांनी या कायद्याविरुद्धची प्रत्येक लढाई आपली मानली असंही नाही. १९२७ मध्ये, आमच्यापासून दीड तासावर, नागपुरात मंचरशा आवारींनी शस्त्रबंदीविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. लोक त्यांना जनरल आवारी म्हणायचे. उघड्या तलवारी घेऊन मिरवणुका काढायच्या आणि अटक करवून घ्यायची. चार वर्षांआधी याच नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला होता, ज्यात वर्ध्याचे जमनालाल बजाज तुरुंगात गेले. गांधीजींना आवारींच्या धाडसाचं कौतुक असेल, पण हातात तलवार घेऊन केलेल्या कृतीला सत्याग्रह म्हणायला ते तयार नव्हते.

तीन वर्षांनी त्यांनी स्वतः लिहिलेली अकरावी मागणी या पार्श्वभूमीवर वाचली की ती किती मोजून लिहिली आहे ते दिसतं. कायदा उडवून लावा असं ती म्हणत नाही. प्रत्येकाला बंदूक द्या असंही नाही. परवाना राहू द्या, पण तो लोकांच्या नियंत्रणाखाली द्या. परवाना आणि लोकनियंत्रण, अशी दोन चाकं आहेत त्या वाक्याला.

तो अंक निघाला त्याला बरोबर अठरा वर्षं झाली त्या दिवशी, ३० जानेवारी १९४८ ला, दिल्लीत एका बेरेटा पिस्तुलातून गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या पिस्तुलाला परवाना नव्हता. तारखा जुळतात, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण पुढच्या चर्चेवर त्या पिस्तुलाची छाया असणारच.

डिसेंबर १९४८

मध्ये कराची आहे. मार्च १९३१ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असेल असं एक कलम होतं. म्हणजे स्वतंत्र भारतात तो हक्क मिळणार हे कागदावर होतं.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मूलभूत स्वातंत्र्यांवर चर्चा सुरू झाली. आज जे कलम १९ आहे, ते तेव्हा मसुद्यात १३ होतं. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घाला. कामत हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा नागपूर, वर्धा आणि सेवाग्राम होतं, त्याच प्रांताचे. त्यांनी सभेला कराचीची आठवण करून दिली.

उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. परकी सत्तेने हक्क नाकारला होता तेव्हाची मागणी समजू शकते, पण आता परिस्थिती वेगळी आहे. कुणीही बाजारात जाऊन, राज्याच्या आडकाठीशिवाय, हल्ल्याची वाटेल ती साधनं विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा? दुरुस्ती फेटाळली गेली. शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय संघसूचीत पाचव्या क्रमांकावर गेला.

मला आंबेडकरांचं म्हणणं पटतं. आपल्या देशात बंदूक बाजारातल्या भाजीसारखी मिळू लागली असती तर ती आधी कुणाच्या हातात गेली असती आणि कुणावर रोखली गेली असती, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पण त्या दिवशी वाद हक्क की परवाना असा झाला, आणि १९३० च्या वाक्यातलं दुसरं चाक कुणाच्या लक्षात राहिलं नाही. परवाना ठीक, पण त्यावर नियंत्रण कुणाचं?

१९५९ मध्ये नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात काही गोष्टी खरंच चांगल्या आहेत. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं कलम १४ स्पष्ट सांगतं. नकार दिला तर कारण लिहून द्यावं लागतं आणि अपील करता येतं. आणि कलम १३ मध्ये शेतकऱ्याची आठवण ठेवली आहे: पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, आणि बाकी अडचण नसेल, तर परवाना द्यायचा.

आबाजींना परवाना मिळाला तो या वाक्यामुळे.

जागलीची बंदूक

आबाजींचा जन्म १९३६ चा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला सेगावात राहायला आले, तेच साल. पुढे १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं, कारण शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जायचं. आबाजी लहानपणी तकलीवर सूत कातायला शिकले आणि तिशीत त्यांनी बंदूक घेतली. या दोन गोष्टींत त्यांना कधी विसंगती वाटली नाही. मला वाटायची, म्हणून मी शोधलं. १९४६ मध्ये 'हरिजन'मध्ये गांधीजींनी पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या माकडांवर लिहिलं आहे. देशात दुष्काळाची भीती असताना पीक खाणाऱ्या प्राण्यांना मोकळं सोडणारी अहिंसा आपल्याला मान्य नाही, असा त्याचा आशय आहे. आबाजींनी ते वाचलं असण्याची शक्यता नाही. त्यांनी तूर राखली.

पावसाळा संपला की रानडुकरं आणि रोही वावरात उतरतात. डुक्कर खातं थोडं आणि लोळून नासवतं जास्त. कळपाने रोही आले तर हरभरा एका रात्रीत साफ होतो. आबाजी जागलीला जायचे, मचाणावर बसायचे. बंदूक एकनळी, नळी माझ्या खांद्याएवढी लांब. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग गज घालून ठासायचं. एका बाराला इतका वेळ लागायचा की डुक्कर तोवर शेजारच्या वावरात पोहोचलेलं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर मारण्याचा प्रश्नच नव्हता. परवानगीशिवाय जनावर मारणं गुन्हा झाला. मग ती बंदूक नुसत्या आवाजाची उरली. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. आबाजी ती कापडात गुंडाळून, सायकलच्या दांडीला बांधून न्यायचे. पावती धोतराच्या कनवटीला.

या जिल्ह्याचं एक अजब आहे. एका टोकाला बापूकुटी, दुसऱ्या टोकाला पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो, देशातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली आणि माणसं गेली. त्याच वर्षीच्या जुलैत नवे शस्त्र नियम आले. सरकारच्या बंदुकीचा हिशोब आणि आबाजींच्या बंदुकीचा हिशोब या वेगळ्या दुनिया आहेत, हे मला तेव्हा कळलं. एकीच्या आसपास आपण फिरकूही शकत नाही. दुसरीसाठी चिमूटभर दारूचीसुद्धा परवान्यावर नोंद लागते.

दोन कागद

आबाजी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी आणि मी बंदूक ठाण्यात नेऊन दिली. पावतीवर क्रमांक, वर्णन, परवान्याचा क्रमांक, तारीख. हे काम तासाभरात झालं. पुढचं वर्षभर लांबलं.

आबाजींच्या मागे वारस तिघं. बाबा, काकाजी आणि आत्याबाई. आजी आधीच गेली होती. काकाजींना बंदूक हवी होती. शेत तेच कसतात, डुकरांचा त्रास त्यांनाच, आणि खरं सांगायचं तर घराण्याची बंदूक आपल्या भिंतीवर असावी असंही त्यांना वाटत होतं. बाबांना ती नको होती. एका वारसाने अर्ज केला तर कार्यालय बाकीच्या वारसांची ना-हरकत मागतं, प्रतिज्ञापत्रावर. बाबांनी सही केली. आत्याबाईंची बाकी होती.

आत्याबाई हिंगणघाटकडे राहतात. काकाजी आणि मी गेलो. काकाजींनी पिशवीत दोन कागद नेले होते. एक बंदुकीची ना-हरकत. दुसरा हक्कसोडपत्राचा मसुदा. शेतातला हिस्सा बहिणीने भावांना सोडून द्यायचा, नंतर सगळ्यांनी दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदणी करायची, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं. आमच्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की त्यात काही मागतोय असंही कुणाला वाटत नाही. चहा होतो, सही होते, भाऊ साडी देतो.

आत्याबाईंनी चष्मा लावला आणि दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. मग काकाजींकडे न बघता मला विचारलं,

"बाबू, बंदुकीसाठी माही सही नसली तं काय होते?"

मी म्हटलं, "आत्याबाई, मग काकाजींचं काम अडते."

"अन् वावरासाठी नसली तं?"

"तुमचं नाव सातबारावर लागते. तिघांचं लागते."

"म्हंजे दोन्हीकडे मी वारस."

"हो."

त्यांनी दोन्ही कागद घडी करून परत दिले. "आबाजी जाग्यावर होते तवा जागलीचा डबा मी घेऊन जावो," त्या म्हणाल्या. "लग्न होईस्तोवर. अंधारात. बंदूक त्यायच्या हाती राहे, कंदील माह्या हाती. ते बंदूक मले नाई पायजे. कोनाच्या घरी बी नाई पायजे. पोरं आहेत घरात. अन् वावराचं मी इचार करून सांगीन. आज नाई."

परतीच्या बसमध्ये काकाजी काहीच बोलले नाहीत. देवळीच्या माणसाला विचारू, नागपूरच्या दुकानदाराला विचारू, असं पुढचे दोन महिने चाललं. ठासणीच्या बंदुकीला गिऱ्हाईक नाही, हे दुकानदाराने फोनवरच सांगितलं. कायद्यातलं कलम ४५ मी काकाजींना दाखवलं: दुरुस्त करूनही जी चालणार नाही अशी जुनीपुराणी बंदूक कायद्याच्या बाहेर राहते. पण आबाजींची बंदूक चालत होती. तेल देऊन ठेवली होती त्यांनी.

शेवटी तिघांच्या सह्यांचा एकच अर्ज गेला, बंदूक सरकारजमा करून घ्यावी म्हणून. सगळ्यात आधी सही आत्याबाईंनी केली. काकाजींनी सगळ्यात शेवटी, आणि त्याच आठवड्यात वावराभोवती झटका मशीन बसवलं. वारसांचा फेरफार मंजूर झाला तेव्हा सातबारावर तीन नावं आली. हक्कसोडपत्र झालं नाही. काकाजी आणि आत्याबाई यांच्यात त्यानंतर वर्षभर बोलणं नव्हतं. या दिवाळीला सुरू झालं, तेही जेमतेम. जमिनीचं पुढे काय होणार हे ठरलेलं नाही.

लोकनियंत्रण

तुमच्या घरात अशी बंदूक असेल, आणि विदर्भात, कोकणात अशी घरं पुष्कळ आहेत, तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. माणूस गेल्यावर ती माळ्यावर तशीच ठेवू नका. विनापरवाना ताबा हा कैदेचा गुन्हा आहे आणि 'आजोबांची आहे' हे उत्तर चालत नाही. आधी जमा करा, पावती घ्या, मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. मग शांतपणे ठरवा: परवान्याचा अर्ज, विक्री की सरकारजमा. विकायची असेल तर घेणाऱ्याकडे परवाना हवा. आणि थेट माणसाला विकताना आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. आणि घरातले आबाजी ७० च्या पुढे असतील तर हा विषय त्यांच्या समोरच काढा. त्यांना स्वतः नाव सुचवता येतं. नकोच असेल तर तेही त्यांनाच सांगू द्या.

हे झालं कामाचं. पण ती अकरावी मागणी डोक्यातून गेली नाही.

परवाना आपल्याला मिळाला. रंग बघून मिळणारी सूट गेली, मालमत्तेची अट गेली, अपील आलं, ऑनलाइन अर्ज आला, प्रत्येक परवानाधारकाला देशभराच्या डेटाबेसमधला एक क्रमांक आला. मी असे डेटाबेस बनवूनच पोट भरतो, त्यामुळे त्याचं महत्त्व मला कळतं. पण नियंत्रण १८७८ मध्ये जिथे होतं तिथेच आहे, ठाणेदाराच्या अहवालात आणि कलेक्टरच्या सहीत. गावात कुणाच्या घरी बंदूक यावी, यावर ग्रामसभेला कुणी विचारत नाही. त्या घरातल्या बाईला तर नाहीच. आबाजींनी बंदूक घेतली तेव्हा आजीला कुणी विचारलं होतं? ते पंचावन्न वर्षं बंदूक बाळगून होते. त्या सगळ्या काळात, त्या बंदुकीबद्दल घरातल्या एका बाईची सही सरकारला एकदाच लागली, आणि ती ते वारल्यावर.

गांधीजींच्या मनात लोकनियंत्रण म्हणजे नेमकं काय होतं, ते त्या एका ओळीवरून ठरवता येत नाही. निवडून आलेल्या मंडळींची समिती असेल, पंचायत असेल. मी मात्र ते पाहिलं ते हिंगणघाटकडच्या एका ओसरीवर, दोन कागद वाचणाऱ्या बाईच्या रूपात. बंदूक घरात येऊ द्यायची का, हा प्रश्न तिला पन्नास वर्षं उशिरा विचारला गेला. तोही आपण होऊन कुणी विचारला नाही, नियमात ना-हरकत लागते म्हणून. तरी तिने उत्तर दिलं. तिच्या अंधारातल्या कंदिलाची नोंद कुठल्याच परवान्यावर नव्हती.